नियम कोण करतं, आणि त्या नियमांवर लक्ष कोण ठेवतं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहिती अधिकाराचा अर्ज, सोसायटीचं भांडण, शिक्षण मंडळाचा निकाल, जीएसटीची नोटीस. विषय कुठलाही असो, बोलणं शेवटी एकाच जागी येऊन अडकतं: "हे कायद्यात कुठे लिहिलंय?" बहुतेक वेळा ते कायद्यात नसतंच, कायद्याखालच्या नियमांत असतं. त्यावरून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, आडवळणाचे शेवटी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. "प्रत्यायोजित विधिविधान" म्हणजे साध्या मराठीत काय?

संसद किंवा विधिमंडळ कायदा करतं आणि त्यातला तपशील भरायचं काम दुसऱ्यावर सोपवतं. हा दुसरा म्हणजे सरकार, एखादं मंडळ, रिझर्व्ह बँक किंवा महापालिका. त्या सोपवलेल्या अधिकारातून निघालेले नियम, विनियम, आदेश या सगळ्यांना मिळून हे जडजंबाल नाव आहे. "दुय्यम विधिविधान" असंही म्हणतात.

घरचं उदाहरण घ्या. माहिती अधिकाराच्या अर्जाला आपण १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावतो. २००५ चा कायदा उघडून कलम ६ पाहा, दहाचा आकडा तिथे सापडणार नाही. तिथे फक्त "विहित करण्यात येईल अशी फी" आहे. आकडा राज्याच्या नियमांत आहे, आणि ते नियम करण्याचा अधिकार कलम २७ ने दिलेला आहे. कायदा वाचताना "विहित" हा शब्द दिसला की समजावं, पुढचा मजकूर दुसऱ्या कागदावर आहे.

२. आमदार-खासदारांना निवडून दिलंय ना? मग ते स्वतःच सगळं का लिहीत नाहीत?

वेळ नाही, तांत्रिक माहिती नाही आणि परिस्थिती थांबत नाही, ही तिन्ही कारणं खरी आहेत. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ९ मध्ये कराची कमाल मर्यादा आहे, २० टक्के. कोणत्या वस्तूवर किती, हे अधिसूचनेने ठरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले तेही अधिसूचनांनीच. बिस्किटापासून सिमेंटपर्यंत प्रत्येक दरासाठी विधेयक आणायचं म्हटलं तर अधिवेशन बारा महिने चालवावं लागेल.

चौथं कारण कुणी बोलून दाखवत नाही. वादाचा मुद्दा सभागृहात निस्तरण्यापेक्षा "नियमांत बघू" म्हणणं सोयीचं असतं.

३. नियम, विनियम, उपविधी, आदेश, अधिसूचना: यांत फरक काय?

ढोबळ वाटणी अशी: नियम सरकार करतं. विनियम कायद्याने स्थापन झालेलं मंडळ करतं, उदाहरणार्थ सेबी किंवा शिक्षण मंडळ. उपविधी स्थानिक संस्था करते. आदेश एखाद्या विषयापुरता असतो, जसे जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचे नियंत्रण आदेश. अधिसूचना ही खरं तर प्रसिद्धीची रीत आहे. नियम असो की दर, तो राजपत्रात याच रूपाने येतो. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये "कायदा" या शब्दाच्या व्याख्येत ही सगळी नावं आहेत. त्यामुळे मूलभूत हक्कांवर घाला घालणारा नियम हा तसा कायदा असल्याप्रमाणेच रद्द होऊ शकतो. सोसायटीच्या उपविधींबद्दल मात्र घाई नको, प्रश्न १५ पाहा.

४. जीआर म्हणजे नियमच ना?

नाही. महाराष्ट्रात सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

शासन निर्णय, म्हणजे जीआर, हा सरकारच्या कार्यकारी अधिकारातून निघतो. राज्यापुरता हा अधिकार अनुच्छेद १६२ चा. त्याच्यामागे एखाद्या कायद्याचं कलम असेलच असं नाही. नियमांत जिथे जागा रिकामी आहे तिथे जीआर ती भरू शकतो. नियम जे सांगतो त्याच्या उलट जीआर सांगू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये संत राम शर्मा खटल्यात हेच सांगितलं होतं. परिपत्रक तर त्याच्याही खालचं.

ओळखायचं कसं? कागदाचा पहिला परिच्छेद वाचा. "अमुक अधिनियमाच्या कलम तमुक अन्वये प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून" अशी सुरुवात असेल तर तो नियम किंवा वैधानिक आदेश. "शासनाच्या विचाराधीन होते" अशा सुरातली प्रस्तावना आणि खाली "शासन निर्णय" असं शीर्षक असेल तर जीआर. कोणीही कागद पुढे केला की आधी ते कलम मागावं. पुढची निम्मी उत्तरं त्या एका कलमावरच उभी आहेत.

५. अध्यादेशही यातच मोडतो का?

नाही. अध्यादेशाचा अधिकार संविधानानेच राष्ट्रपतींना (अनुच्छेद १२३) आणि राज्यपालांना (अनुच्छेद २१३) दिला आहे, तो कुठल्या कायद्याने सोपवलेला नाही. अध्यादेश कायद्याच्या बरोबरीचा असतो, नियम कायद्याच्या खालचा.

६. सभागृह किती अधिकार सोपवू शकतं? सगळाच दिला तर?

सगळा देता येत नाही. दिल्ली लॉज ॲक्ट प्रकरणी १९५१ मध्ये सात न्यायमूर्तींनी सात वेगळी निकालपत्रं लिहिली, त्यामुळे विद्यार्थ्यांची पिढ्यान् पिढ्या पंचाईत झाली आहे. पण त्यांतून एक सूत्र हाती लागतं: कायद्याचं धोरण ठरवणं हे सभागृहाचं स्वतःचं काम आहे, ते दुसऱ्याकडे देता येत नाही. तपशील देता येतो.

धोरणच सांगितलं नाही तर काय होतं, ते १९५९ च्या हमदर्द दवाखाना निकालात दिसतं. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या १९५४ च्या कायद्यात काही रोगांची नावं होती आणि यादीत आणखी रोग घालण्याचा अधिकार सरकारला होता. कोणते घालायचे याची कसोटी कायद्यात नव्हती. अधिकार देणारा तेवढा भाग न्यायालयाने काढून टाकला. पुढच्या काळात न्यायालयं मात्र बरीच सैल झाली. उद्देशिकेत किंवा इतर कलमांत धोरणाचा धागा सापडला तरी पुरतं.

७. नियमाच्या मसुद्यावर हरकती मागवणं सक्तीचं आहे का?

मूळ कायद्यात "पूर्वप्रसिद्धीच्या अटीला अधीन राहून" असे शब्द असतील तर हो. मग मसुदा प्रसिद्ध करायचा, मुदत द्यायची, आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या, आणि अंतिम नियम राजपत्रात छापायचा. ही रीत केंद्रासाठी १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (सगळ्या कायद्यांना लागू होणारे सामायिक नियम सांगणारा कायदा) कलम २३ मध्ये आहे. ते शब्द नसतील तर सक्ती नाही. केंद्र सरकारने २०१४ मध्ये मसुदे ३० दिवस लोकांसमोर ठेवण्याचं धोरण आखलं. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे.

"विचारात घेणे" म्हणजे "मान्य करणे" नव्हे. सुनावणीचा हक्कही आपोआप मिळत नाही. पुणे महापालिकेच्या विकास नियंत्रण नियमांबाबत २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे नियम करणं हे कायदा करण्यासारखं काम आहे. नियम मंजूर करताना सरकारने बदल केले तर प्रत्येक बदलासाठी लोकांना पुन्हा बोलावण्याची गरज नाही.

भाषेचा मुद्दा २०२० मध्ये गाजला. पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा केंद्राने इंग्रजी आणि हिंदीत काढला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत वाढवून संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत तो आणायला सांगितलं. कोकणातल्या माणसाने खाणीबद्दलचा मसुदा इंग्रजीत वाचून हरकत घ्यावी ही अपेक्षाच मुळात थट्टेची होती.

आणि हरकत लिहिताना "हे जनतेवर अन्यायकारक आहे" एवढ्यावर थांबू नका. मसुद्यातला नियम क्रमांक, मूळ कायद्याचं कलम आणि तुम्हाला हवे ते पर्यायी शब्द, तिन्ही लिहा. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो.

८. राजपत्रात छापलं, पण मला कळलंच नाही. तरी लागू?

तरी लागू. याची गोष्ट मुंबईच्या विमानतळावर घडलेली आहे.

मेयर हान्स जॉर्ज हा जर्मन माणूस २७ नोव्हेंबर १९६२ ला झुरिकहून मनिलाला निघाला. दुसऱ्या दिवशी विमान सांताक्रूझला उतरलं. तो खाली उतरलाही नाही, जागेवरच बसून होता. कस्टमवाल्यांनी झडती घेतली तेव्हा त्याच्या अंगातल्या खास शिवलेल्या जाकिटात ३४ किलो सोनं निघालं. देशातून नुसतं पुढे जाणाऱ्या सोन्याला आधी सूट होती. पण ते विमानाच्या मालपत्रकात दाखवलंच पाहिजे, अशी अट रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबरच्या अधिसूचनेने घातली होती, आणि ती २४ नोव्हेंबरला राजपत्रात आली होती. म्हणजे तो निघाला त्याच्या अवघे तीन दिवस आधी. झुरिकमध्ये भारताचं राजपत्र कोण वाचणार?

मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने पुन्हा दोषी ठरवलं: राजपत्रातली प्रसिद्धी पुरेशी आहे, परदेशी माणसाच्या घरापर्यंत ती पोचवण्याची गरज नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं. शिक्षा मात्र तोवर भोगली तेवढ्यावर आणली.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. मुळात प्रसिद्धच न झालेला कायदा कुणावर लादता येत नाही. जयपूर संस्थानच्या अफू कायद्याबाबत १९५१ च्या हरला निकालात हे ठरलं. म्हणून कोणत्याही नियमाला दोन तारखा असतात हे लक्षात ठेवा, सहीची आणि राजपत्राची. तुम्हाला बांधते ती दुसरी.

९. "सभागृहापुढे ठेवला" म्हणजे नेमकं काय होतं?

बहुतेक केंद्रीय कायद्यांच्या शेवटी एक ठरावीक कलम असतं. नियम केल्यावर तो शक्य तितक्या लवकर दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवायचा. हे दिवस अधिवेशनाचे धरायचे, आणि ते एका किंवा लागोपाठच्या दोन-तीन अधिवेशनांत मिळून भरले तरी चालतात. त्यानंतरचं अधिवेशन संपायच्या आत दोन्ही सभागृहांनी ठरवलं तर नियम बदलतो किंवा रद्द होतो. पण तोवर त्या नियमाखाली जे घडलं ते वैध राहतं. वेगवेगळ्या कायद्यांतली ही भाषा एकसारखी करण्यासाठी १९८३ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदाच केला.

गोम इथेच आहे: नियम आधीच लागू झालेला असतो. ब्रिटनमध्ये दोन वाटा आहेत. एकीत ४० दिवसांत विरोध न झाल्यास नियम टिकतो, दुसरीत सभागृहाने होकार दिल्याशिवाय तो अमलातच राहत नाही. आपल्याकडे दुसऱ्या वाटेची कलमं थोडी आहेत.

१०. पटलावर, म्हणजे सभागृहापुढे, ठेवायला सरकार विसरलं तर नियम रद्द?

सहसा नाही. ॲटलस सायकल खटल्यात मुद्दा हाच होता. पोलादाच्या दराचा नियंत्रण आदेश संसदेपुढे ठेवला गेला नव्हता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जीवनावश्यक वस्तू कायद्यातली ही तरतूद मार्गदर्शक आहे, ती पाळली नाही म्हणून आदेश बाद होत नाही. मूळ कायद्यात "सभागृहाची मान्यता मिळाल्याशिवाय अमलात येणार नाही" असं लिहिलं असेल तर मात्र उत्तर बदलतं. त्यामुळे पुन्हा तेच, कलम वाचा.

माझ्या मते हा निकाल कायद्याला धरून असेल, पण परिणाम वाईट झाला. न ठेवल्याने काहीच बिघडत नाही म्हटल्यावर घाई कोण करणार?

११. संसदेत अशा नियमाविरुद्ध कोणी कधी उभं राहिलंय का?

राहिलंय, पण अशी चर्चा विरळाच. २०११ च्या इंटरनेट मध्यस्थांविषयीच्या (म्हणजे लोकांचा मजकूर ठेवणाऱ्या किंवा पोचवणाऱ्या कंपन्यांविषयीच्या) नियमांविरुद्ध केरळचे खासदार पी. राजीव यांनी राज्यसभेत रद्द करण्याचा प्रस्ताव आणला. १७ मे २०१२ ला त्यावर चर्चा झाली. बोलणाऱ्या बऱ्याच जणांचा सूर नियमांवर नाराजीचा होता. मंत्री कपिल सिब्बल यांनी सर्वांशी बोलण्याचं आश्वासन दिलं आणि प्रस्ताव पडला. २०१३ मध्ये असे नियम तपासणाऱ्या लोकसभेच्या समितीनेही त्या नियमांतल्या संदिग्धतेवर बोट ठेवलं. प्रत्यक्ष फरक पडला तो २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने, म्हणजे न्यायालयातच.

बहुमत ज्या सरकारचं, नियम त्याच सरकारचे. मतदानाने नियम पडण्याची वाट पाहू नये.

१२. मग समिती कशासाठी?

खरी तपासणी तिथे होते. लोकसभेची समिती डिसेंबर १९५३ मध्ये स्थापन झाली, ग. वा. मावळंकर अध्यक्ष असताना. मुंबई विधानसभेचं अध्यक्षपद आधी सांभाळलेल्या माणसाला सभागृहाचा अधिकार कसा निसटतो हे ठाऊक असणारच. समितीत १५ सदस्य, मंत्र्याला मज्जाव. राज्यसभेची समिती १९६४ ची. आपल्या विधिमंडळात हे काम उपविधान समितीकडे आहे.

समिती विचारते ते प्रश्न लोकसभेच्या नियम ३२० मध्ये आहेत. नियम मूळ कायद्याच्या उद्देशाला धरून आहे का? जे कायद्यातच हवं होतं ते यात घुसवलंय का? कर लावलाय का? न्यायालयाची दारं बंद केली आहेत का? अधिकार नसताना मागची तारीख दिलीय का? छापायला आणि पटलावर ठेवायला उशीर का झाला? धोरण चांगलं की वाईट, हा तिचा प्रांत नव्हे.

उशिराचं ठळक उदाहरण नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचं. तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला, पण त्याचे नियम निघाले ११ मार्च २०२४ ला. नियम सहा महिन्यांत करायचे, नाहीतर समितीकडे मुदतवाढ मागायची, असा दंडक आहे. गृह मंत्रालय मुदतवाढ मागत राहिलं आणि ती मिळत राहिली.

समितीच्याही आधीची एक जागा लोक विसरतात. विधेयकाच्या शेवटी "वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन" जोडलेलं असतं. कोणत्या खंडाने काय सोपवलंय याची ती यादी असते. आमदाराला पत्र लिहायचं तर विधेयक मंजूर व्हायच्या आधी, त्या पानावर बोट ठेवून लिहा.

१३. नियमाला कोर्टात आव्हान कशावर देता येतं?

मूळ कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर आहे, मूळ किंवा दुसऱ्या कायद्याच्या विरुद्ध आहे, संविधानाच्या विरुद्ध आहे, किंवा उघड मनमानी आहे. वृत्तपत्र कागदाच्या करावरच्या १९८४ च्या इंडियन एक्सप्रेस निकालात ही यादी व्यवस्थित सापडते.

"यापेक्षा चांगला नियम करता आला असता" हा मुद्दा चालत नाही. महाराष्ट्राच्या शिक्षण मंडळाने उत्तरपत्रिकांची फेरतपासणी नाकारणारा विनियम केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला: मंडळाचं शहाणपण तपासणं हे न्यायालयाचं काम नाही. याच्या उलट १९८१ चा नर्गेश मिर्झा निकाल. हवाईसुंदरीची नोकरी पहिल्या गर्भारपणातच संपवणारा एअर इंडियाचा विनियम न्यायालयाने मनमानी म्हणून फेकून दिला.

अलीकडचं उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाचंच आहे. सरकारविषयीचा मजकूर खोटा आहे हे सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाने ठरवायचं, अशी दुरुस्ती केंद्राने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत केली. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला ती दुरुस्ती संविधानाच्या आणि मूळ कायद्याच्याही बाहेर ठरवली.

१४. नियमातले चार शब्द बदलल्याने असा काय फरक पडणार?

गिरणगावात विचारा. १९९१ च्या मुंबई विकास नियंत्रण नियमांतल्या ५८ व्या नियमानुसार बंद गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे पडणार होते: मोकळ्या जागांसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, गिरणी पाडल्यावर मोकळी होणारी जागा त्यात नाही. गिरणीच्या आवारात बांधकामच जास्त, त्यामुळे वाट्याला येणारी जमीन कितीतरी आक्रसली.

कायदा तोच होता, १९६६ चा नगररचना अधिनियम. सभागृहात विधेयक आलं नाही, मतदान झालं नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जुन्या वाटणीच्या बाजूने कौल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. परळ-लोअर परळच्या टॉवरांखाली हा एक नियम गाडलेला आहे.

१५. सोसायटीचे उपविधी म्हणजे कायदा का? सेक्रेटरी तसं म्हणतात.

नाही. सहकारी संस्थेचे उपविधी हे सभासदांमधले करारासारखे बंधन आहेत. कंपनीच्या नियमावलीसारखे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये म्हटलं. ते सभासदांना बांधतात, पण १९६० चा सहकारी संस्था अधिनियम किंवा १९६१ चे नियम यांच्या विरुद्ध जाऊ शकत नाहीत. सरकारने काढलेले "आदर्श उपविधी" हा नमुना आहे. महापालिकेचे उपविधी मात्र खरोखरचा कायदा असतात. नाव एकच आहे, जात वेगळी आहे.

१६. "अडचणी दूर करण्याच्या" नावाखाली सरकार कायदाच बदलू शकतं का?

बऱ्याच कायद्यांच्या शेवटी, अंमलबजावणीत अडचण आली तर ती आदेश काढून दूर करण्याचा अधिकार सरकारला देणारं कलम असतं आणि त्याचा वापर सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांपुरता असतो. १९६५ च्या बोनस कायद्यातलं असं कलम जालान ट्रेडिंग विरुद्ध मिल मजदूर सभा या वादात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने रद्द केलं. शंका काय आणि उपाय काय, दोन्ही सरकारच ठरवणार आणि ते अंतिम असणार, हे न्यायालयाला पटलं नाही. त्यानंतर "अधिनियमाच्या तरतुदींशी विसंगत नसेल असा आदेश" ही भाषा रुळली आणि ती १९७४ मध्ये गॅमन इंडिया निकालात टिकली.

१७. मागच्या तारखेपासून नियम लागू करता येतो का?

मूळ कायद्याने तसा अधिकार दिला असेल तरच (सर्वोच्च न्यायालयाचा हुकूमचंद निकाल, १९७२). अपवाद सरकारी नोकरांच्या सेवानियमांचा. ते अनुच्छेद ३०९ खाली थेट संविधानातून निघतात, त्यामुळे मागील तारीख चालते. तिथेही आधी मिळालेले हक्क काढून घ्यायला गेलं की सरकार अडचणीत येतं.

१८. मूळ कायदा रद्द झाला की नियमही गेले?

नुसता रद्द झाला तर हो. रद्द करून नवा केला असेल, तर जुने नियम नव्या कायद्याशी विसंगत नाहीत तेवढे चालू राहतात (सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, कलम २४), नवे येईपर्यंत.

१९. माहिती अधिकाराचा अर्ज "१५० शब्दांपेक्षा जास्त" म्हणून परत आला. कायद्यात अशी मर्यादा कुठे आहे?

कायद्यात नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती करून ती आणली: एक अर्ज, एक विषय, साधारणपणे १५० शब्द. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत साधारण मर्यादा ५०० शब्दांची आहे, आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज नाकारता येणार नाही हेही तिथेच लिहिलं आहे. आपल्या नियमात तसं स्पष्ट संरक्षण नाही, पण "साधारणपणे" हा शब्द आहे. पहिल्या अपिलात त्यावर जोर द्या. शिवाय माहिती नाकारण्याची कारणं कायद्याच्या कलम ८ आणि ९ मध्ये आहेत आणि शब्दसंख्या त्यांत बसत नाही, हेही लिहा. अपिलाची ३० दिवसांची मुदत मात्र कायद्यातच आहे, कलम १९ मध्ये. ती चुकवू नका.